१०० मीटरच्या सरावासाठी स्लेड, पॅराशूट की रबरी पट्टा? घेण्याआधी हे वाचा

वेग वाढवण्याचं साहित्य विचारलं की दुकानदार तीन वस्तू हमखास काढतो: मागे ओढायचा लोखंडी स्लेड, पाठीला बांधायचं पॅराशूट आणि कमरेचा रबरी पट्टा. पोलीस भरतीच्या अकादम्यांमध्ये तर या तिन्हींचे फोटो जाहिरातीतच असतात. यातली पैसे घालण्यासारखी वस्तू एकच, स्लेड. पण दुकानात मिळतो तसा तो उचलून आणला, तर निम्म्या मुलामुलींसाठी नको तितका जड पडतो. बाकीच्या दोन वस्तूंबद्दल पुढे थोडक्यात येईलच, त्या तेवढ्याच लायकीच्या आहेत.

बाजारातला साधा स्लेड म्हणजे चौकोनी पाइपांची चौकट, खाली जमिनीवर घसरणाऱ्या दोन पट्ट्या, मध्ये वजनाच्या प्लेटा अडकवायला उभा दांडा, पुढे एक कडी, आणि सोबत ओढायचा नायलॉनचा पट्टा व अंगाला बांधायचा हार्नेस. मेरठ-जालंधरचा माल असो की स्थानिक, रचना हीच. प्लेटा बहुतेक वेळा वेगळ्या घ्याव्या लागतात. दांड्याची जाडी आधी मोजा. साध्या जिमच्या प्लेटांचं भोक लहान असतं आणि ऑलिंपिक प्लेटांचं ५० मिलिमीटर, त्यामुळे चुकीचा दांडा आला की प्लेटा एक तर बसत नाहीत, नाही तर पळताना खडखडत उड्या मारतात.

खरी अडचण रिकाम्या वजनाची. दुकानातला स्लेड रिकामाच ८ ते १२ किलो भरतो. हलक्या ओढीच्या सरावात, म्हणजे वेग जेमतेम १० टक्के कमी व्हावा असा भार लावायचा असतो तेव्हा, सिंथेटिक ट्रॅकवर स्लेडसकट एकूण वजन शरीराच्या वजनाच्या १०-१२ टक्क्यांच्या आसपास लागतं. ६० किलोच्या मुलाला हे झालं ६ ते ७ किलो. म्हणजे १० किलोचा स्लेड एकही प्लेट न घालताच हद्द ओलांडून गेला. ४५ किलोच्या मुलीसाठी तोच रिकामा स्लेड शरीराच्या २२ टक्के होतो. मजबूत आहे म्हणून जड स्लेडची स्तुती करणारे दुकानदार हा हिशेब सांगत नाहीत. घेताना वजनकाट्यावर ठेवायला सांगा. ५-६ किलोच्या वर असेल तर तो फक्त जड ओढीसाठी आहे असं समजा.

दुसरी गोष्ट जमिनीची. मुलाला किती जड जातंय ते प्लेटांवरचे किलो सांगत नाहीत, ते घर्षण ठरवतं. सिंथेटिक ट्रॅक, दव पडलेलं गवत, सुका मुरूम आणि पावसानंतरचा चिकट मुरूम, या चारही ठिकाणी तोच २० किलोचा स्लेड चार वेगवेगळी वजनं असल्यासारखा वागतो. म्हणून 'आमच्याकडे मुलं ३० किलो ओढतात' या वाक्याला काही अर्थ नाही. कुठल्या जमिनीवर, आणि ओढताना वेग किती पडला, ते सांगा.

हा वेग मोजायला हातातलं स्टॉपवॉच चालत नाही. बोट दाबण्यातच एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात आणि इथे फरकच तेवढा असतो. फोनचं स्लो मोशन पुरतं. सेकंदाला २४० फ्रेमवर एक फ्रेम म्हणजे सुमारे ०.००४ सेकंद. काही स्वस्त फोन मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतात, तशी शंका असेल तर साध्या ६० फ्रेमवर घ्या, तेही हातापेक्षा कितीतरी बरं. फोन तिवईवर, पळण्याच्या रेषेपासून १५ मीटर बाजूला, मोजायच्या १० मीटरच्या टप्प्याच्या बरोबर मधोमध. मार्कर, म्हणजे टप्प्याची दोन टोकं दाखवणाऱ्या खुणा, रेषेच्या १ मीटर अलीकडे, फोनच्या बाजूला लावत असाल तर ते १० मीटर अंतरावर लावू नका, ९.३३ मीटरवर लावा. फोन तिरक्या नजरेनं पाहतो, त्यामुळे १० मीटरवर लावलेल्या मार्करांमध्ये मूल प्रत्यक्षात १०.७ मीटर पळतं आणि सगळं गणित फसतं. वेळ कंबर मार्करला आली की घ्यायची, पायावरून किंवा डोक्यावरून नाही.

आधी मोकळं पळवा, ३० मीटर वेग घेऊन पुढचे १० मीटर मोजा. १०० मीटर साडेबारा सेकंदांत पळणाऱ्या मुलाला तिथे साधारण १.१० सेकंद लागतात. मग स्लेड लावून २० मीटर पळवा आणि शेवटचे १० मीटर मोजा. हलक्या भाराला मात्र ३० मीटर द्या, कारण कमी ओढीत वेग पूर्ण यायला अंतर जास्त लागतं. आता १.२२ सेकंद आले तर वेग १० टक्के पडला, १.४७ आले तर २५ टक्के, आणि २.२० आले तर निम्मा. वेळेचे टक्के आणि वेगाचे टक्के एकच समजू नका. वेग निम्मा होतो तेव्हा वेळ दुप्पट होते. प्लेटा वाढवत-कमी करत हवा तो आकडा गाठा आणि वहीत त्या मैदानाच्या नावापुढे लिहून ठेवा. दुसऱ्या मैदानावर गेलात की पुन्हा मोजा.

कोणता आकडा हवा, यावर प्रशिक्षकांत वाद आहेत. जुना नियम वेग १० टक्केच पडू देण्याचा. तंत्र बिघडू नये म्हणून हलकंच ओढायचं. गेल्या दशकात जड ओढीवर बरंच संशोधन झालं आणि त्यातून दिसलं की धावपटूची पुढे ढकलण्याची शक्ती सर्वात जास्त लागते ती वेग साधारण निम्म्यावर आल्यावर. सिंथेटिक ट्रॅकवर त्यासाठी शरीराच्या ७० ते ८० टक्के इतका एकूण भार लागू शकतो, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ४५ किलोच्या आसपास. ऐकायला अघोरी वाटतं, पण स्टार्टचे पहिले पाच-सहा पाय असेच असतात: अंग पुढे झुकलेलं, पाय जमिनीवर जास्त वेळ, सगळा जोर मागे. पूर्ण वेगात पाय जमिनीला जेमतेम ०.१ सेकंद टेकतो, तिथे स्लेड कामाचा नाही. तिथला वेग हवा असेल तर आधी ३० मीटर वेग घेऊन पुढचे २० मीटर मोकळे पळवा. दुसरा उपाय नाही.

स्टार्ट आणि पूर्ण वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बोल्टच्या बर्लिनमधल्या २००९ च्या ९.५८ च्या शर्यतीत स्वच्छ दिसतं. पहिले १० मीटर १.८९ सेकंद, आणि ६० ते ८० हे २० मीटर १.६१ सेकंद. भरतीच्या मैदानावरही तेच. पुरुषांना ११.५० सेकंदांत पूर्ण १५ गुण, त्यापुढे १२.५० पर्यंत १२. मुलींना पूर्ण गुणांसाठी १४ सेकंद. मोकळ्या वेगात बरा असलेला मुलगा पहिल्या ३० मीटरमध्येच मार खातो, कारण उभं राहून पळायची सवय. त्याच्यासाठी स्लेडचा पैसा वसूल होतो. ज्याची स्टार्ट चांगली आणि ६० मीटरनंतर जो ढेपाळतो, त्याला स्लेड घेऊन देऊ नका.

नवख्याला सुरुवात वेग २५ टक्के पडेल अशा भारावर, दोन-तीन आठवड्यांनी पुढे. आठवड्यातून दोनदा, १५ ते २० मीटरच्या ६ ते ८ फेऱ्या, एकूण १५० मीटरच्या आत. दोन फेऱ्यांत २ ते ३ मिनिटं पूर्ण विश्रांती. ही विश्रांती बॅच मोठी असली की सर्वात आधी खाल्ली जाते, मग वेगाच्या सरावाचं दमसासाच्या सरावात रूपांतर होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटी दोन मोकळ्या स्टार्ट घ्या. एखाद्या फेरीची वेळ पहिल्या फेरीपेक्षा ५ टक्क्यांनी वाढली की त्या मुलाचा सराव तिथेच थांबवा. चाचणीच्या आधीचे दहा दिवस स्लेड बंद.

बिघाड कुठे होतो ते पाहा. कमरेतून वाकणं हा पहिला. अंग घोट्यापासून डोक्यापर्यंत एका रेषेत झुकलं पाहिजे, पण भार जास्त झाला की मूल कंबर मागे ठेवून छाती पुढे टाकतं. बाजूनं काढलेल्या व्हिडिओत लगेच कळतं. त्यावर उपाय सूचना नव्हे, एक प्लेट कमी करणं. दुसरा, पट्टा सैल ठेवून निघणं. मग पहिल्याच पावलाला झटका बसतो, पाठीला आणि वेल्डिंगलाही. निघण्याआधी पट्टा ताणून घ्या. तिसरा, थांबण्याचा. २० मीटर संपल्यावर मूल एकदम थांबतं आणि हलका स्लेड घसरत येऊन टाचेवर आदळतो. पुढे किमान १० मीटर मोकळी जागा ठेवा आणि हळूहळू वेग उतरवायला सांगा.

ओढायच्या पट्ट्याच्या लांबीकडे कुणी बघत नाही आणि सोबत येणारा पट्टा बहुतेकदा आखूडच असतो. कंबर जमिनीपासून मीटरभर वर आणि कडी १० सेंटीमीटरवर धरली तर २ मीटरच्या पट्ट्याचा कोन २७ अंश होतो, म्हणजे ओढीतला ४५ टक्के जोर स्लेडचं तोंड उचलण्यात जातो आणि प्रत्येक पावलाला तो उड्या मारतो. साडेतीन मीटरला कोन १५ अंश, ५ मीटरला १० अंश. साडेतीनच्या खाली घेऊ नका. शक्यतो ५ मीटर.

हार्नेस दोन प्रकारचे येतात. खांद्याचा हार्नेस छाती मागे खेचतो आणि मूल त्याच्याशी झगडताना पुन्हा कमरेतून वाकतं. वेगासाठी कमरेचा रुंद पट्टा घ्या, तो नितंबाच्या हाडावर बसवा. नुसत्या वेल्क्रोचा पट्टा घाम लागला की सरकत बरगड्यांपर्यंत चढतो आणि प्लॅस्टिकचं बक्कल एका हंगामातच जातं. धातूच्या बक्कलचा, निदान ८-१० सेंटीमीटर रुंद पट्टा वेगळा घेतलेला बरा.

घसरपट्टीचं टोक ५ ते ७ सेंटीमीटर वर वळलेलं असावं, नाही तर मुरमात ते नांगरासारखं घुसतं. सिंथेटिक ट्रॅकवर मात्र उघडं लोखंड चालत नाही, रबराचे दाणे उखडतात आणि अनेक मैदानांवर त्याला मनाईच असते. पट्टीखाली जाड प्लॅस्टिकची पट्टी स्क्रूनं बसवा, स्क्रूची डोकी आत बुडालेली हवीत.

आता पॅराशूट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग निम्मा असेल तर ओढ चौथाई. म्हणजे जिथे जोर हवा त्या स्टार्टला ते रिकाम्या पिशवीसारखं मागे लोंबतं आणि पूर्ण वेगात, जिथे ओढ नको, तिथे फुगतं. वर वारा. ९ मीटर प्रतिसेकंद पळणाऱ्याला समोरून २ मीटरचा वारा लागला की ओढ जवळजवळ दीडपट, पाठीमागून लागला की साधारण ६० टक्के. मोकळ्या माळावरच्या मैदानात दोन फेऱ्या सारख्या येणार नाहीत. शिवाय ते डावी-उजवीकडे झुलतं आणि कंबर पिळते. फोटो मात्र छान येतात.

रबरी पट्ट्यानं मागून धरून पळवलं तर रबर ताणत जातं तशी ओढ वाढते, म्हणजे पहिल्या पावलाला सर्वात कमी. पुढून ओढून मुलाला त्याच्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी तोच पट्टा वापरतात, ते तर टाळाच. स्वतःच्या वेगापेक्षा पाच-सहा टक्के जास्त झालं की पाय अंगाच्या पुढे पडून ब्रेक लागतो आणि हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) फाटायला तेवढं निमित्त पुरतं. रबर जुनं होऊन तुटलं तर हूक थेट तोंडावर येतो.

मोटरवर चालणारी ओढयंत्रं, उदाहरणार्थ स्वीडनचं १०८० स्प्रिंट, घर्षणाचा प्रश्न मिटवतात आणि प्रत्येक पावलाचा आकडा देतात. पण ती राष्ट्रीय केंद्रांच्या आवाक्यातली.

टायर? कारचा जुना टायर सहा-आठ किलोचा असतो, फुकट मिळतो, गवतावर चांगला सरकतो. मुरमावर उड्या मारतो, प्लेटा आत नीट बसत नाहीत. पैसे नसतील तर टायरला लांब दोरी लावून काम सुरू करा, मोजायची पद्धत वरचीच.

पैसे थोडे असतील तर दुकानात न जाता वेल्डिंगवाल्याकडे जा. २५ मिलिमीटर चौरस, १.६ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला साधारण १.२ किलो भरतो. ७५ सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या, ४० सेंटीमीटरचे दोन आडवे पाइप आणि ३० सेंटीमीटरचा दांडा, म्हणजे पाइप तीन मीटरच्या आत. कडी आणि खालच्या प्लॅस्टिकसकट सगळं चार-साडेचार किलोंत बसतं. कडी पुढच्या आडव्या पाइपच्या मध्यावर, जमिनीलगत, दोन्ही बाजूंनी वेल्ड करून घ्या. तुटते ती पहिल्यांदा तिथेच. आडव्या पाइपांमध्ये दांड्याखाली एक पातळ पत्रा हवा, नाही तर प्लेटा मुरमाला घासतात. वर प्लेट अडकवायला कॉलर विसरू नका. आणि पावसाळ्याआधी रेड ऑक्साइडचा एक हात मारा, पाइपच्या उघड्या तोंडातून पाणी शिरून तो आतून सडतो.