रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशातली जुनी गाडी: वर्षभराचा अनुभव

इंजिन उत्तम, क्लच नवा, एसी थंड, आणि गाडी तपासणीत नापास. कशापायी? गंजापायी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

मी इंग्लंडात नर्स आहे. सध्या सुट्टीवर आर्णीजवळ गावी आलेय, आणि रोज संध्याकाळी ओट्यावर कोणी ना कोणी विचारतंच, "तिकडं गाडी कितीत पडली?" तर एकदाच सगळं सांगते. बारा वर्षं जुनी, छोटी जपानी पेट्रोल गाडी, अडीच हजार पाउंडांत, एका म्हाताऱ्या जोडप्याकडून. अ‍ॅव्हरेज, डिकी, एअरबॅग वगैरे नेटवर बघा, त्यात काही विशेष नाही. नाइट ड्युटी संपवून घरी यायला बस नाही, म्हणून गाडी. हौस नव्हती.

व्यवहार मात्र बघण्यासारखा. तिथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची, कारसाठी तिची कमाल फी 54.85 पाउंड. सरकारी साइटवर नंबर प्लेट टाकली की प्रत्येक तपासणीचा निकाल, त्या दिवशीचं मीटर रीडिंग आणि तपासणाऱ्याचा शेरा फुकट दिसतो. माझ्या गाडीवर शेरा होता: मागच्या चाकाजवळ गंजाची सुरुवात. तोच दाखवून शंभर पाउंड कमी करून घेतले. लॉगबुकमधली (म्हणजे तिथल्या आरसीतली) नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी माझ्या हाती आली, झालं. रोड टॅक्स मात्र जुन्या मालकाचा चालत नाही, 2014 पासून तो गाडीबरोबर येत नाही. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. आणि विमा! तिथल्या लायसन्सशिवाय सांगितलेला हप्ता ऐकून मी फोन ठेवला होता.

लायसन्सचं थोडक्यात: तिथं राहायला गेल्यापासून आपलं भारतीय लायसन्स बारा महिने चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. तारखा लवकर मिळत नाहीत, पहिल्या महिन्यातच तयारीला लागा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे हात लगेच बसतो. बसत नाही ते डोकं. समोरच्यानं लाइट मारला की आपल्याकडे अर्थ एकच, "मी येतोय, सरक." तिथं तोच लाइट बहुतेक वेळा "तुम्ही आधी जा" म्हणून मारतात. मी आपली थांबलेली, तोही थांबलेला. हॉर्न मी वर्षभरात जवळपास वाजवलाच नाही, यावर आमच्या बाबांचा अजून विश्वास बसत नाही.

आता गंज. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिथं रात्री ट्रक फिरतात आणि मीठ पसरतात. खडेमीठ, सगळ्या मोठ्या रस्त्यांवर. ते पाण्यात विरघळून चाकांनी खाली उडतं आणि सांध्यांत जाऊन बसतं. वरून गाडी चकाचक. तपासणीवाल्यानं दाराखालच्या पट्टीवर ठोकलं तर ठक् ऐवजी खर्र आवाज आला आणि तांबूस पापुद्रे खाली पडले. मागं बोट जाईल एवढं भोक. तिथल्याच गॅरेजनं वेल्डिंगचे साडेचारशे मागितले, वर "लवकर ठरवा" असं तोंड. मी गाडी दुसरीकडे नेली, दोनशे ऐंशीत काम झालं. दहा कामाच्या दिवसांत तपासणीच्या त्याच गॅरेजला परत आणली तर अख्खी तपासणी पुन्हा करावी लागत नाही, हे काउंटरवर मलाच त्यांना सांगावं लागलं.

ठरवण्याआधी गावच्या मिस्त्री काकांना व्हिडिओ कॉल करून खालचा भाग दाखवला होता. ते बराच वेळ नुसतेच बघत होते. मग म्हणाले, "पोरी, हे गाडी समुद्रातून काहाडली का वं?" मिठाचं सांगितलं तर म्हणे, "रोडवर मीठ टाकतेत? अन् मंग गाड्या इकतेत? येडे हायेत का ते लोकं?" काकांची स्वतःची जीप वीस वर्षांची, काळ्या मातीत आणि आमच्या मे महिन्याच्या उन्हात काढलेली. डॅशबोर्ड तडकलाय, रबरं वाळलीत, बॅटऱ्या उन्हानं किती खाल्ल्या त्याचा हिशोब नाही, पण पत्रा शाबूत.

इथपर्यंतचं मी तिथंच लिहून ठेवलं होतं आणि गाडीला दोन तारे देणार होते. सुट्टीत बाबांसाठी जुनी गाडी बघायला यवतमाळला गेलो आणि दोन ताऱ्यांचे चार तारे झाले.

एजंट म्हणाला, "डॉक्टरची गाडी आहे ताई, घर ते दवाखाना." (विकायला येणारी प्रत्येक गाडी डॉक्टरची कशी असते?) मीटरवर 42 हजार. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र पार गुळगुळीत, एका कोपऱ्यात लोखंड दिसतंय, आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबून फाटलेली. बेचाळीस हजारांत असं होत नाही. अ‍ॅपवर नंबर टाकला तर कितवा मालक, विमा, पीयूसी सगळं आलं, पण मागच्या वर्षी मीटर किती होतं ते नाही. आपल्याकडे खाजगी गाडीला पंधरा वर्षं फिटनेस तपासणीच नाही, तर रीडिंग लिहिणार कोण? 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरले की नावावर होते, एवढंच. इंग्लंडात मला गंजाची खबर आधी लेखी मिळाली होती, किंमतही त्यावरच पाडली होती.

तिकडे जाणाऱ्यांनी एवढं करा: शेऱ्यांमध्ये गंज शब्द सलग दोन वर्षं असेल तर गाडी सोडा. घेतलीच तर थंडीआधी खालून मेणाचा लेप मारून घ्या, आणि थंडी सरल्यावर खालचा भाग जोरदार पाण्यानं धुवा. मी आता दोन्ही करते.

एजंटला म्हटलं, गाडी वॉशिंगच्या रॅम्पवर चढवा, खालून बघू. तो म्हणाला, "त्याची काय गरज?" रविवारी मिस्त्री काकांना सोबत नेतोय. रॅम्पवर चढवू दिली तर पुढचं बोलणं, नाहीतर बाबांची मोटरसायकल आहेच.