भांड्यांच्या दुकानासाठी व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगल प्रोफाइल : पाडव्यापासून वापरतोय, खरा अनुभव

आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात, तांब्या-पितळेचं, सोबत कल्हईची, म्हणजे भांड्याला आतून कथील लावायची, कामं घेतो. पाडव्याच्या सुमारास व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगलचं बिझनेस प्रोफाइल (गूगलवर आणि मॅपवर दिसणारी दुकानाची माहिती) दोन्ही सुरू केलं, आता दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली, म्हणजे धंद्याचे थंड दिवस पण बघून झाले आणि गर्दीचे पण, म्हणून लिहितोय. दोन्ही फुकट आहेत. नवीन गिऱ्हाईक गूगल आणतं आणि आलेलं गिऱ्हाईक व्हॉट्सॲप धरून ठेवतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या बाजारात बऱ्याच जणांनी व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं, नवीन गिऱ्हाईकाची वाट बघत बसले, आणि महिन्याभरात म्हणाले ह्यात काही दम नाही.

नंबरचं बघा आधी. आमचा ०२५३ वाला लँडलाईन वडिलांच्या काळापासून पिशव्यांवर छापलेला आहे, व्हॉट्सॲप बिझनेस त्याच्यावर चालतं, फक्त ओटीपी एसेमेसऐवजी कॉलवर घ्यायचा. त्यामुळे घरचा मोबाईल नंबर वाटावा लागला नाही, रात्री अकराला "दादा समईचा भाव?" बंद झालं. अडचण अशी की जुन्या लोकांनी नंबर ०२५३ न लावताच सेव्ह केलेला असतो, तो व्हॉट्सॲपला ओळखू येत नाही.

आणि नंबर सेव्ह नसेल तर ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम बऱ्याच जणांना, जातच नाही, ही मेन गोष्ट. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोचतो, बाकीच्यांचं एका टिकवर लटकून राहतं. स्टेटसचं पण तेच, नंबर दोन्हीकडून सेव्ह पाहिजे. आता "आमचा नंबर सेव्ह करा हं" म्हटलं तर कोण करतं? मान हलवतात आणि जातात. मग आम्ही ते कल्हईच्या पावतीला जोडलं. पातेलं टाकायला आले की सांगायचं, तयार झालं की ह्या नंबरवरून मेसेज येईल, आत्ताच सेव्ह करून घ्या, समोर उभ्या उभ्या करतात, कारण त्यांना पातेलं पाहिजे असतं. टेलर, सायकल रिपेअर, घड्याळवाले, ज्यांच्याकडे वस्तू टाकून जायची पद्धत आहे त्यांनी हे करून बघाच.

लेबल, म्हणजे चॅटला लावायची चिठ्ठी, हे मला सगळ्यात आवडलेलं. आधीपासून असतात ते "नवीन ऑर्डर", "पेमेंट बाकी" वगैरे, आपण आपले बनवायचे, वीसपर्यंत होतात. आमच्याकडे "कल्हईला टाकलंय", "तयार आहे" आणि "न्यायचं राहिलंय" असे तीन जास्त चालतात. तिसऱ्यात काय काय असतं विचारू नका, लोक घंघाळ टाकून जातात आणि विसरतात. पूर्वी वही होती, वहीत पान सापडायचं नाही, आता संध्याकाळी दिवाबत्ती झाली की धाकटा भाऊ लेबल उघडून एकेकाला आठवण टाकतो. फोनशिवाय अजून चार डिव्हाईस जोडता येतात त्यामुळे काउंटरच्या कॉम्प्युटरवर पण चालू असतं. पण दोघांनी एकाच माणसाला दोन वेगळे भाव सांगितले असं व्हायला लागलं, म्हणून भाव फक्त काउंटरवरूनच द्यायचा असं ठरवून टाकलं. हे ॲप करून देणार नाही, घरातच ठरवावं लागतं.

कॅटलॉग, म्हणजे ॲपमधली मालाची फोटोंसकट यादी. पाचशे वस्तूंपर्यंत टाकता येतात, आम्ही निम्म्या पण टाकल्या नाहीत. पितळ चकचकीत, फोटो काढला की त्यात फोटो काढणारा, त्याचा मोबाईल, वर फिरणारा पंखा सगळं दिसतं. शेवटी दाराजवळ उन्हाच्या बाजूला पांढरं धोतर आडवं बांधून त्याच्या आडून काढले तेव्हा कुठे हंडा हंड्यासारखा दिसला. फोटोत शेजारी हात ठेवा किंवा साधा स्टीलचा पेला ठेवा, नाहीतर लोकांना साइजचा अंदाज येत नाही, देवघरातलं छोटं निरांजन फोटोत एवढं मोठं वाटतं की घरी गेल्यावर माणूस परत फोन करतो. वजन आणि उंची लिहायचीच. किंमत मात्र आम्ही रिकामी ठेवतो, आमचा माल वजनावर, धातूचा भाव रोज हलतो, वर मजुरी वेगळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून भांड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला तेव्हा ज्यांनी किमती टाकल्या होत्या ते एकेक वस्तू उघडून बदलत बसले होते. ठराविक किमतीचा माल असेल तर मात्र किंमत टाकाच, भाव लपवलाय असं वाटलं की लोक विचारतच नाहीत. एक मित्र वाईनचं दुकान चालवतो, त्याला कॅटलॉगचा उपयोग शून्य, दारू व्हॉट्सॲपच्या नियमात बसत नाही. नाशिकमध्ये हे नियम वाचून घेतलेले बरे!

ग्रीटिंग मेसेज चालू केलात तर सेटिंग नीट बघा. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला आणि चौदा दिवस बोलणं न झालेल्याला तो आपोआप जातो. आजोबांपासूनच्या गिऱ्हाईक असलेल्या एक काकू, त्यांना गेलं "आपले स्वागत आहे, आपण कोणत्या उत्पादनाविषयी जाणून घेऊ इच्छिता", त्यांचा रिप्लाय, "अरे मी बोलतेय, एवढा साहेब कधी झालास?" त्यात "ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्यांनाच" असा पर्याय आहे, तो लावून टाका आणि मजकूर आपण दुकानात बोलतो तसा लिहा.

आता गूगल. व्हेरिफिकेशनला आमच्याकडे व्हिडिओ मागितला, गल्ली, पाटी, शटर उघडताना, आतला माल, सगळं एका दमात शूट करायचं. त्यानंतर फार काही केलं नाही तरी "कल्हई" शोधत लोक यायला लागले, सिडको, इंदिरानगरकडून, ज्यांना हे काम अजून होतं हेच माहीत नव्हतं. मॅपवरची पिन मात्र स्वतः उभं राहून तपासा, आमची पिन मागच्या गल्लीत होती आणि माणसं तिथून फोन करायची. गाडी आत येत नाही, कुठे लावायची ते वर्णनात लिहिलंय, त्याचा फार फायदा झाला. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की आमच्या बाजाराला धडकी भरते, त्या दिवशी गूगलवर स्पेशल अवर्समध्ये बंद टाकायचं आणि स्टेटसला पण. नाहीतर माणूस लांबून येतो, शटर बघतो आणि एक स्टार देऊन जातो.

रिव्ह्यू समोरच मागायचा, भांडं हातात घेऊन खूष असताना. डिस्काउंट देऊन रिव्ह्यू घेऊ नका, गूगलच्या नियमात ते चालत नाही. वाईट रिव्ह्यूला दोन ओळीत शांतपणे उत्तर द्या, ते उत्तर पुढचे गिऱ्हाईक वाचतात. "गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर तुमचं लिस्टिंग बंद होईल" असे कॉल येतात, सरळ ठेवून द्या, लिस्टिंगचे पैसे लागत नाहीत. पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवून माल न्यायला येणारे पण असतात, आपल्या बँकेत जमा दिसल्याशिवाय हंडा बाहेर जाऊ देऊ नका.

मध्ये एका एजन्सीला इन्स्टाग्रामचं मासिक पॅकेज दिलं होतं. पितळेच्या दुकानासाठी स्टीलच्या भांड्यांचे फोटो टाकून शुभ सकाळ करायचे, बंद केलं. त्यापेक्षा कल्हईचा व्हिडिओ, भांडं लालबुंद, नवसागराचा धूर, कथील लावून कापसाने फिरवलं की आत चांदीसारखं होत जातं, तो स्टेटसला टाकला त्या दिवशी घरोघरची माळ्यावरची पातेली खाली आली. ब्रॉडकास्ट आम्ही सणाच्या आधीच टाकतो, गौरी-गणपती, दिवाळी, लग्नाचं रुखवत, एरवी गप्प. रोज टाकलं की लोक ब्लॉक करतात आणि फार जणांनी ब्लॉक केलं तर नंबरवर बंधनं येतात.

सध्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं नाव घेऊन रोज कोणीतरी पॅकेज विकायला येतंय. आम्ही तूर्त एवढंच ठरवलंय की गूगलवरचं वर्णन हिंदीत पण करायचं आणि रामकुंडावरून चालत कसं यायचं त्याचे फोटो टाकायचे, ते काम भावाकडे दिलंय, लग्नाच्या ऑर्डरी उरकल्या की करेल.