सर्व्हरचं रेड (RAID) कार्ड: सोयाबीनचा हंगाम आणि उन्हाळा काढल्यावर

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. आवक वाढली की काट्यावरून वजनं धडाधड येतात, आणि पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) हातात पडेपर्यंत शेतकरी काउंटर सोडत नाही. मागच्या दसऱ्याआधी सर्व्हरमध्ये स्वतःचा प्रोसेसर असलेलं हार्डवेअर रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारं कार्ड, बसवलं. सोयाबीन झालं, तूर झाली, आता मे चालू आहे.

आधी सॉफ्टवेअर रेड ५ होतं, म्हणजे डिस्कची ही जोडणी सर्व्हरचा सीपीयूच सांभाळायचा, आणि एक डिस्क गेली तरी डेटा टिकायचा. सगळ्या मुनीमांनी एकदम पट्टी सेव्ह केली की स्क्रीन अडकायची, आणि सीपीयू मात्र निवांत! रेड ५ वर छोटी नोंद लिहायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा, अशी डिस्कला ४ कामं पडतात. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, त्यात हेड सरकायचा वेळ वेगळा. रांग लागणारच.

पॅरिटीचं गणित आता कार्ड करतं, पण आजच्या सीपीयूला ते तसंही जड नव्हतं. खरा फायदा राइट-बॅक कॅशेचा. नोंद कार्डाच्या मेमरीत पोचली की काम झाल्याचं कळवून कार्ड मुनीमाला मोकळं करतं, आणि डिस्कवर उतरवायचं मागाहून स्वतः बघतं. मुख्य प्रोसेसरवरचं डिस्कचं काम वेगळ्या भागाकडे द्यायची सोय मोठ्या यंत्रांत जुनीच आहे. आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टीम/३६० मध्ये इनपुट-आउटपुटसाठी वेगळे चॅनल होते.

वीज गेली तर? कार्डाला सुपरकपॅसिटर आहे. तेवढ्या चार्जवर ते मेमरीतला डेटा स्वतःच्या फ्लॅशमध्ये उतरवून ठेवतं. हिवाळ्यात यूपीएसच बसला आणि भर कामात सर्व्हर जागेवर बंद पडला. परत चालू केला तेव्हा शेवटची पट्टी, हमाली-तोलाईसकट, जशीच्या तशी होती. त्या दिवशी कार्डाचे पैसे वसूल झाले असं मी मानतो. फक्त डिस्कची स्वतःची राइट कॅशे बंद ठेवा, नाहीतर ही सगळी राखण वाया.

तक्रार आहे ती उष्णतेची, आणि विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं. ही कार्डं रॅक सर्व्हरच्या जोरदार वाऱ्याच्या हिशेबाने बनतात. टॉवर कॅबिनेटमध्ये तेवढी हवा त्यांना मिळत नाही. एप्रिलमध्ये तापमानाच्या वॉर्निंग सुरू झाल्या. कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये धान्याचं भुसकट गच्च बसलेलं, बोट टेकवत नव्हतं. आता कार्डासमोर वेगळा फॅन आहे आणि दर रविवारी ब्लोअर मारतो. तेव्हापासून वॉर्निंग नाही.

कपॅसिटर किंवा बॅटरी कमजोर झाली की ही कार्डं सहसा आपोआप राइट-थ्रूवर (नोंद डिस्कवर उतरल्यावरच काम झालं म्हणायचं) जातात आणि जुना संथपणा परत येतो, म्हणून त्याचं स्टेटस बघत चला. नुसत्या एनव्हीएमई डिस्क (फार वेगवान फ्लॅश डिस्क) घेणार असाल तर असलं कार्ड घ्यायची घाई नको. तिथे कार्डाचाच अडथळा होऊ शकतो. बॅकअप मात्र वेगळा लागतोच.

एक काम राहिलंय. कार्ड गेलं तर डिस्कवरची मांडणी वाचायला बहुतेक त्याच जातीचं कार्ड लागतं. तसलं एखादं जुनं, चालू स्थितीतलं मिळतंय का ते संभाजीनगरात बघतोय.