ग्राफीनच्या नावाखाली गेलेले ४,३०,७९९ रुपये

टेलिग्रामवरील चॅनेल, पडद्याआडचे ऑपरेटर, भाव चढवून शेवटी छोट्या माणसाच्या गळ्यात माल मारणे, हे सगळे कसे चालते ते इथे नव्याने सांगण्याची गरज नाही. वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होते. मार्च २०२३ मध्ये यूट्यूबवरील दिशाभूल करणाऱ्या चित्रफिती दाखवून दोन कंपन्यांचे शेअर लोकांना विकल्याबद्दल शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने अंतरिम आदेश काढले, तेव्हा ती बातमी मी पूर्ण वाचली होती आणि त्या चित्रफितींवर विश्वास ठेवणाऱ्यांना मनातल्या मनात हसलोही होतो. तरीही वर्षभरात माझे ४,३०,७९९ रुपये गेले. हे लिहिण्याचे कारण असे की आमच्या बाबतीत आमिष खोटे नव्हते. ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ पदार्थाविषयी आम्हाला जे सांगितले गेले ते जवळजवळ सगळे खरे होते. फक्त ज्या कंपनीचे शेअर आम्ही घेतले तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

हिशेब आधी मांडतो, कारण आकडा सांगायला लोक लाजतात आणि त्या लाजेवरच ही मंडळी जगतात. डिसेंबर २०२३ मध्ये ३८.४० रुपये भावाने २,००० शेअर घेतले, त्याचे ७६,८०० रुपये झाले. जानेवारीत ६१.२५ ने ३,००० शेअर, म्हणजे १,८३,७५० रुपये. मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ९७.५० ने आणखी २,५०० शेअर, म्हणजे २,४३,७५० रुपये, आणि हे शेवटचे पैसे पतसंस्थेतील ठेव मुदतीआधी मोडून उभे केले होते. एकूण ५,०४,३०० रुपये. चॅनेलच्या ‘प्रीमियम’ गटाची वर्गणी १४,९९९ रुपये, ती वेगळी. भाव ११८ रुपयांपर्यंत गेला. ऑक्टोबरमध्ये सगळे ७,५०० शेअर ११.८० ने विकले तेव्हा ८८,५०० रुपये हाती आले. दलाली आणि करांचे पैसे मी यात धरलेलेच नाहीत.

मी लोभाने आंधळा झालो असे कोणी म्हणत असेल तर त्याने त्या गटातील चर्चा पाहिलेली नाही. तिथे ‘दहा पट होणार’ असले ओरडणे क्वचितच असे. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टर विद्यापीठात २००४ मध्ये चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलत एका अणूच्या जाडीचा थर कसा वेगळा केला आणि त्याबद्दल २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना कसे मिळाले, हे तिथे नीट समजावून सांगितले जाई. बॅटरी, रंग, काँक्रीट, टायर यांत ग्राफीन मिसळल्याने काय साधते यावर लोक रात्री उशिरापर्यंत लिहीत. टाटा स्टीलच्या ग्राफीनवरील कामाची किंवा केरळातील ग्राफीन संशोधन केंद्राची बातमी आली की ती लगेच गटात पडे, आणि तिच्याखाली कोणीतरी शांतपणे लिही, ‘आपली कंपनीही याच क्षेत्रात आहे.’ सगळी मेख या ‘याच क्षेत्रात’मध्ये होती. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेची बातमी ही तुमच्या कंपनीची बातमी नसते, हे आज मी पुन्हा पुन्हा सांगतो. तेव्हा मला हे कोणी सांगितले असते तर मीच त्याच्याशी वाद घातला असता.

माझी नोकरी भोसरीतील एका ओतकामाच्या कारखान्यात, खरेदी विभागात गेली. कोणत्या पुरवठादाराकडून कोणत्या दर्जाचे पिग आयर्न घ्यायचे आणि टेस्ट सर्टिफिकेट आल्याशिवाय ट्रक गेटच्या आत सोडायचा नाही, हे मी तरुणांना शिकवले. त्यामुळे पदार्थांची चर्चा मला परकी वाटली नाही. उलट इतरांपेक्षा आपल्याला यातले अधिक कळते असे वाटले, आणि गटातही मला ‘काका, तुम्ही सांगा’ असे मानाने विचारले जाऊ लागले. मीही सांगत गेलो. माझे वाचून कोणी शेअर घेतले असतील तर मला त्याचे वाईट वाटते, पण जे लिहिले ते तेव्हा मनापासून खरे मानूनच लिहिले होते, आणि गटातील बहुतेकांचे तसेच होते. ज्यांनी जाळे टाकले ते मोजके असतील. बाकी सगळे एकमेकांना फुकट पटवत होतो.

आता कंपनीविषयी. ती पूर्वी कापडाचा व्यापार करत असे. बाजारातील नियमानुसार कंपनीच्या नावात नवा व्यवसाय आणायचा असेल तर मागील वर्षातील किमान ५० टक्के उत्पन्न त्या व्यवसायातून आलेले असावे लागते किंवा तेवढ्या प्रमाणात त्यात गुंतवणूक झालेली असावी लागते. या कंपनीने नाव बदलण्याआधी वर्षभर ग्राफाइट पावडरची खरेदीविक्री दाखवली होती. एकाकडून घेतली, दुसऱ्याला विकली, नफा नगण्य, पण उत्पन्नाचा रकाना भरला आणि नावात ‘ॲडव्हान्स्ड मटेरियल्स’ आले. ज्या कंपनीचे नाव अलीकडे बदलले आहे तिचे जुने नाव शोधून त्या नावाचे वार्षिक अहवाल आधी वाचा. मग घोषणांची रांग लागली: एका परदेशी संस्थेशी सामंजस्य करार, बॅटरी उत्पादकांकडे नमुने रवाना, पेटंटसाठी अर्ज दाखल. सामंजस्य करार बहुधा कोणालाही बांधून ठेवत नाही. पेटंटचा तात्पुरता अर्ज कोणीही करू शकतो आणि पूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. अर्ज दाखल होणे म्हणजे पेटंट मिळणे नव्हे. आणि घोषणा शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दिसते म्हणजे बाजाराने ती तपासली आहे, असाही समज करून घेऊ नका.

जिथे माझे डोळे उघडायला हवे होते ती जागा मला नेमकी माहीत आहे, आणि तिचाच मला सर्वांत जास्त संताप येतो. जानेवारीत डिसेंबर तिमाहीचा शेअरधारकांचा तक्ता आला. सप्टेंबरअखेर कंपनीचे सार्वजनिक शेअरधारक २,३१६ होते. डिसेंबरअखेर ते १९,८७० झाले होते. चॅनेल चालवणाऱ्या ‘सरां’नी हा आकडा ‘आपले कुटुंब वाढते आहे’ असे लिहून टाकला आणि त्यावर अभिनंदनाचा पाऊस पडला. मी तो तक्ता स्वतः उघडून पाहिला होता. एवढे हजारो लोक घेत असतील तर त्यांना विकणारा कोणीतरी असलाच पाहिजे, हा साधा प्रश्न जन्मभर खरेदी केलेल्या माणसाला पडू नये! त्याच तक्त्यात एक टक्क्याहून अधिक शेअर असलेल्या पाच व्यक्तींची नावे होती. आदल्या वर्षी प्राधान्य वाटपात, म्हणजे कंपनी निवडक लोकांना थेट शेअर देते त्यात, त्यांना १२ रुपयांनी शेअर मिळाले होते, आणि प्रवर्तक (कंपनी चालवणारे मालक) नसलेल्यांना अशा शेअरवर असणारी सहा महिन्यांची विक्रीबंदी त्याच जानेवारीत संपत होती. मार्च तिमाहीच्या तक्त्यात त्यांपैकी एकही नाव उरले नव्हते. १२ रुपयांचा माल मी ९७.५० ने घेत होतो. प्राधान्य वाटप कोणाला, किती भावाने आणि त्याची बंदी कधी संपते, हे पाहिल्याशिवाय अशा कंपनीचा एकही शेअर घेऊ नका.

गटातील एका सदस्याने मात्र वेळेवर विचारले होते. वार्षिक अहवालात वीज आणि इंधनाचा खर्च वर्षाला १,८६,००० रुपये आहे, यंत्रसामग्री ११,६०,००० रुपयांची आहे, मग कंपनी म्हणते ते वर्षाला १०० टन उत्पादन कुठे होणार, असे त्याने सभ्य शब्दांत लिहिले. ग्राफीन ऑक्साइड बनवण्याच्या हमर्स पद्धतीत गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट लागते. मग सांडपाणी शुद्ध करण्याची सोय कुठे आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कुठे आहे, हेही त्याने विचारले. तासाभरात त्याला ‘शॉर्ट सेलर’, म्हणजे भाव पडण्यावर कमावणारा, ठरवून काढून टाकण्यात आले. तेव्हा शेअर ‘ट्रेड टू ट्रेड’ गटात होता. त्यात दिवसाच्या आत घेऊन विकता येत नाही, प्रत्येक व्यवहाराला माल द्यावाच लागतो, म्हणजे हाती नसलेला शेअर विकणे हा आरोपच हास्यास्पद होता. हे कळणारे गटात दहा-वीस जण तरी असतील. कोणीही बोलले नाही, मीही नाही, कारण त्या दिवशी पुन्हा अपर सर्किट (दिवसातील भाववाढीची कमाल मर्यादा) लागले होते. प्रश्न विचारणाऱ्याला गटातून काढले की त्याच क्षणी आपणही बाहेर पडा, आणि जाण्यापूर्वी संभाषण जतन करून घ्या. नंतर चालक संदेश सगळ्यांच्या फोनवरून पुसू शकतो. माझ्याकडे मोजकेच स्क्रीनशॉट उरले आहेत.

तिसऱ्या खरेदीच्या वेळी ब्रोकरच्या ॲपने शेअर अतिरिक्त देखरेखीखाली असल्याची सूचना स्पष्ट दाखवली होती. ‘सरां’चे स्पष्टीकरण असे की, मोठ्या मंडळींना स्वस्तात गोळा करता यावे म्हणून लहानांना घाबरवले जाते. ११ मार्च २०२४ रोजी सेबीच्या तत्कालीन अध्यक्षा माधबी पुरी बुच यांनी स्मॉल कॅप शेअरमधील फुगवट्याबद्दल जाहीर इशारा दिला आणि त्यानंतर असे अनेक शेअर कोसळले, पण आमचा चढतच राहिला. त्याचा गटाला केवढा अभिमान वाटला! सगळे पडत असताना जो पडत नाही तो कोणीतरी धरून ठेवला आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

एप्रिलमध्ये धरणाऱ्याने हात सोडला. रोज सकाळी बाजार उघडताच पाच टक्क्यांचे लोअर सर्किट, विक्रीच्या बाजूला लाखो शेअर आणि खरेदीच्या रकान्यात शून्य. ज्यांनी हे कधी पाहिलेले नाही त्यांना वाटते की तोटा दिसला की विकून मोकळे व्हावे. घेणाराच नसेल तर विकायचे कोणाला? रांगेत पुढचा नंबर लागावा म्हणून मी रात्रीच ऑर्डर टाकून ठेवी, तरी ती संध्याकाळी रद्द होऊन परत येई. या काळात ‘सर’ लिहीत होते, ‘विकू नका, कमजोर हात बाहेर पडत आहेत.’ मग फक्त त्यांनाच लिहिता येईल अशी व्यवस्था झाली, आणि एका सकाळी चॅनेलच नाहीसे झाले. चॅनेलच्या माहितीत बारीक अक्षरांत ‘आम्ही सेबीकडे नोंदणीकृत नाही, माहिती केवळ शैक्षणिक हेतूने’ असे लिहिले होते. शेअर घ्या-विका असा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याकडे नोंदणी लागतेच. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएचने आणि गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने सुरू होतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. ‘शैक्षणिक हेतू’ असे लिहिलेले दिसले की समजावे, हा माणूस पळण्याची तयारी करूनच बसला आहे.

यानंतरचे हेलपाटे आठवले तरी अंगाचा तिळपापड होतो. सेबीच्या तक्रारींच्या अधिकृत पोर्टलवर मी तारीखवार तपशील, दोन्ही तिमाहींचे तक्ते, संदेशांचे स्क्रीनशॉट असे सगळे जोडले. ती तक्रार कोणाकडे गेली? त्याच कंपनीकडे! २१ दिवसांची मुदत संपता संपता कंपनीने उत्तर दिले की सदर चॅनेलशी आमचा संबंध नाही आणि शेअरचा भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचेच दोन ओळींचे उत्तर मला पाठवून तक्रार निकाली काढण्यात आली. पुनर्विलोकन मागितले तर हे शेअर हस्तांतरण किंवा लाभांशाचे प्रकरण नसल्याने आपली माहिती देखरेख विभागाकडे ‘नोंद घेण्यासाठी’ पाठवली आहे, असे कळवले. नोंद घेतली म्हणजे काय केले, हे विचारण्याची सोय कुठेही नाही. देखरेख एवढी अतिरिक्त होती तर २,३१६ चे १९,८७० होत असताना ती कोणावर होती? ग्राहकाला ॲपवर एक चौकट दाखवली की यंत्रणेचे कर्तव्य संपते, आणि १२ रुपयांचा माल शंभरीला विकणाऱ्या पाच जणांना मात्र कोणतीही चौकट दिसत नाही. ब्रोकरने कळवले की सूचना दाखवली होती, अंतिम निर्णय ग्राहकाचा. पोलीस ठाण्यात तर कमालच झाली. अधिकाऱ्याने माझे कागद चाळून विचारले, “शेअर तुमच्या डिमॅटमध्ये आले ना काका? मग फसवणूक कुठली?” बनावट ॲपवर पैसे भरले असते तर नोंदवायला रकाना आहे; खऱ्या बाजारात, खऱ्या ब्रोकरमार्फत, खरे शेअर घेऊन लुबाडला गेलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे रकानाच नाही. त्यांच्या दृष्टीने गुन्हा उरला तो १४,९९९ रुपयांचा, कारण ते यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते, आणि त्यालाही आता फार उशीर झाला होता. अशी वर्गणी कोणी भरली असेल आणि संशय आला असेल तर कोणाची वाट न पाहता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा.

बऱ्याच उशिरा माझ्या वाचनात आले की सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरातील ६० उत्पादकांचे ‘ग्राफीन’ तपासले होते, आणि बहुतेकांच्या मालात खरे ग्राफीन १० टक्क्यांहून कमी निघाले. ५० टक्क्यांच्या वर एकाचेही गेले नाही. उरलेले मुख्यतः बारीक ग्राफाइटच होते. ‘नमुने रवाना’ ही घोषणा वाचून आम्ही पेढ्यांची चित्रे पाठवत होतो, पण त्या नमुन्याचा रामन वर्णपटाचा (पदार्थ ओळखण्याच्या चाचणीचा) अहवाल कुठे आहे, थर किती आहेत, असे एकानेही विचारले नाही. ज्याने ट्रक गेटवर अडवले त्यानेही नाही.

माझ्यासारखे आणखी कोणी त्याच शेअरमध्ये अडकले असतील आणि विकून बाहेर पडले असतील तर त्यांनी एवढे तरी करावे: आयकर विवरणपत्र मुदतीत भरून हा तोटा त्यात दाखवावा, कारण मुदत चुकली तर तो पुढे नेता येत नाही. वर्षभराच्या आत विकल्यामुळे माझा तोटा अल्पमुदतीचा धरला गेला. तो अल्प आणि दीर्घ दोन्ही मुदतींच्या भांडवली नफ्यातून पुढील आठ वर्षे वजा करता येतो. वर्गणीचे १४,९९९ रुपये मात्र त्यात धरता येत नाहीत, असे सीएने सांगितले आणि स्वतःचे ५०० रुपये घेतले.