कॅपच्या ऑप्शन फॉर्मसाठी स्वतः केलेली कॉलेजांची यादी : जानेवारीपासून पहिलं सेमिस्टर संपेपर्यंतचा अनुभव

गेल्या वर्षी भाचीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत (कॅप) आवडीच्या क्रमाने कॉलेजं भरायच्या ऑप्शन फॉर्मसाठी, आम्ही कुठलंही समुपदेशनाचं पॅकेज न घेता कॉलेजांची यादी घरीच केली. साधनं दोनच : ही प्रक्रिया चालवणारं राज्याचं सीईटी सेल दर फेरीनंतर जाहीर करतं त्या कटऑफच्या पीडीएफ आणि एक साधी गुगल शीट. जानेवारी २०२५ मध्ये सुरुवात केली, ऑगस्टमध्ये प्रवेश झाला, आता तिचं पहिलं सेमिस्टरही उरकलं. त्यामुळे यादी करताना मांडलेले अंदाज किती खरे ठरले हे आज नीट सांगता येतं. प्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलं असतं तर हा अनुभव अर्धवट राहिला असता.

आधी निकाल सांगतो. यादी टिकली. जिथे मिळेल असं वाटलं होतं त्याच पट्ट्यात जागा मिळाली आणि ज्या कारणांसाठी ते कॉलेज यादीत होतं त्यातली बहुतेक कारणं खरी निघाली. पण वेळ भरपूर जातो. बारावीच्या मुलीने हे एकटीने करावं असं मी सांगणार नाही. तिने अभ्यास करावा, पीडीएफ घरच्या कुणीतरी मोठ्याने वाचाव्यात.

शीटमधले रकाने असे होते : कॉलेज, शाखा, चॉइस कोड (त्या कॉलेजातल्या त्या शाखेचा फॉर्ममधला क्रमांक), तिला लागू असलेला सीटचा प्रकार, मागच्या तीन वर्षांतल्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे मेरिट नंबर, जागा किती, फी, हॉस्टेल आणि मेस, मिडियन पगार, घरापासूनचा प्रवास. सगळ्यांत शेवटी एक रकाना, ‘जाशील का?’ तो फक्त भाचीने भरायचा, हो किंवा नाही. दाजींनी, ताईने आणि मी त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. सुरुवातीला हा रकाना मी सहज टाकला होता. शेवटी सगळ्यांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

आता सीटच्या प्रकाराबद्दल सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घरांत यादी इथेच चुकते. ‘अमुक कॉलेजचं कॉम्प्युटर किती पर्सेंटाइलला बंद झालं?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. पीडीएफमध्ये एकाच शाखेखाली जीओपीईएनएच, एलओपीईएनएच, जीओबीसीओ, एलओबीसीओ असे कितीतरी कोड असतात. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा, मधे प्रवर्ग आणि शेवटचं अक्षर विद्यापीठाचं. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या हद्दीतले, एस म्हणजे राज्यपातळी. पुण्याचं सीओईपी आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय इथल्या जागा राज्यपातळीवर भरतात, तिथे एस पाहायचा. बहुतेक खासगी कॉलेजांत मात्र ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीला आणि ३० टक्के बाहेरच्यांना अशी वाटणी असते.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. घरात सगळे धरून चालले होते की सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडची कॉलेजं म्हणजे शिवाजी विद्यापीठ, म्हणजे आपलं घर. पण भाचीने अकरावी-बारावी लातूरला केली होती. होम युनिव्हर्सिटी गावावरून ठरत नाही, बारावीचं कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं त्यावरून ठरते. लातूर येतं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. म्हणजे घरापासून तासाभरावरच्या कॉलेजातसुद्धा ती ‘बाहेरची’ आणि जिथे आमचं कुणीच नाही तिथे ती ‘घरची’. पश्चिम महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी मुलं क्लाससाठी लातूर धरतात. प्रवेश घेताना शिकवणी, खोली, डबा यांची चौकशी सगळे करतात, ही गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही. लातूरला जाऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण जाताना हे माहीत असावं, कारण ओ च्या जागा कमी असतात आणि काही शाखांत एच आणि ओ यांच्या कटऑफमध्ये मोठं अंतर पडतं. कधी ते उलटंही पडतं, म्हणून प्रत्येक ओळ तपासावी लागते.

याच कारणाने आम्ही घेतलेलं एक प्रेडिक्टर अ‍ॅप महिन्याभरात बंद केलं. पैसे भरून घेतलं होतं. त्यात पर्सेंटाइल आणि प्रवर्ग टाकला की कॉलेजांपुढे टक्केवारी दिसायची, पण बारावी कुठे झाली हे त्याने कधी विचारलंच नाही. दिसायला आकडे नेमके होते, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी रकान्यातले होते.

दुसरी गोष्ट पर्सेंटाइलची. मागच्या वर्षी ९४ ला मिळालं म्हणजे यंदाही ९४ ला मिळेल, हा हिशोब कच्चा आहे. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांत तुम्ही कुठे आहात. परीक्षार्थी वाढले की त्याच पर्सेंटाइलच्या वर जास्त मुलं असतात. कटऑफच्या पीडीएफमध्ये राज्याचा मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल असं दोन्ही दिलेलं असतं. आम्ही निकालापर्यंत पर्सेंटाइलवर अंदाज धरला आणि तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर सगळी शीट मेरिट नंबरवर लावून घेतली. त्या एका संध्याकाळी यादीतली बरीच नावं इकडची तिकडे झाली. भाचीला ९३ ते ९५ च्या मधले पर्सेंटाइल होते. हा पट्टा असा आहे की थोड्याशा फरकानेही मेरिट नंबर हजारांनी हलतो.

त्यातच जागांची संख्याही बदलत असते. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कामगिरीच्या संस्थांना शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंड शाखांच्या तुकड्या वाढवायला वाट मोकळी झाली. जागा वाढल्या की कटऑफ खाली येतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा आकडा पाहून ‘हे आपल्याला नाही’ म्हणत एखादं कॉलेज खोडू नये. फेरीआधी सीट मॅट्रिक्स (कुठे किती जागा याचा तक्ता) जाहीर होतं, ते उघडून जागा मोजाव्यात.

यादीचे आम्ही तीन भाग केले : आशेची, बरोबरीची आणि हक्काची. मागच्या तीन वर्षांत ज्यांचा शेवटच्या फेरीचा मेरिट नंबरही तिच्यापेक्षा वरचा, म्हणजे आकड्याने लहान, होता ती आशेची. ज्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या मधे ती बसत होती ती बरोबरीची. जिथे पहिल्याच फेरीत सुखाने बसली असती ती हक्काची. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे भरायची गरज नाही, पण वीसवर थांबणंही बरोबर नाही.

क्रमाबद्दल लोकांच्या डोक्यात फार गोंधळ असतो, आमच्याही नातेवाइकांच्या होता. ‘वर मोठं कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल’ अशी भीती त्यांनी घातली. तसं होत नाही. संगणक मेरिटप्रमाणे एकेका विद्यार्थ्याला घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली येताना जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतो. आशेचं कॉलेज वर ठेवल्याने बरोबरीच्या कॉलेजची संधी घटत नाही. म्हणून क्रम कटऑफचा नसावा, आवडीचाच असावा.

मात्र २०२५ मध्ये नियम बदलले आणि क्रमाला नवं वजन आलं. तीनच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर ऑटो फ्रीझ, म्हणजे तीच जागा आपोआप पक्की; तसंच दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाला तर, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाला तर. तिथे प्रवेश घ्यायचा नसेल तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे वरची सहा नावं शोभेची असून चालत नाही. दुसऱ्या फेरीआधी आम्ही नुसत्या पहिल्या तीन नावांवर एक पूर्ण रात्र बोलत बसलो. तिसऱ्या नावावर दाजींनी एक शाखा ‘नावाजलेलं कॉलेज आहे, असू दे’ म्हणून ठेवली होती. भाची म्हणाली, ‘मामा, हे मिळालं तर मला चार वर्षं ते शिकावं लागेल ना?’ ‘जाशील का’ च्या रकान्यात तिने नाही लिहिलं आणि ते नाव खाली न नेता काढूनच टाकलं.

‘जाशील का’ चा हाच नियम आम्ही शेवटच्या नावालाही लावला, आणि यादी खरी कधी होते हे मला तिथे उमगलं. हक्काच्या भागात सुरुवातीला आम्ही अशी कॉलेजं भरली होती, जी मिळाली असती तर घरात रडारड झाली असती. फक्त ‘काहीतरी हातात असावं’ म्हणून भरलेली. अशी नावं यादी लांब करतात, आधार देत नाहीत. मग शोध उलटा सुरू केला : हक्काने मिळेल आणि भाची आनंदाने जाईल अशी कुठली आहेत? तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणची सरकारी कॉलेजं, जुन्या संस्थांतल्या इलेक्ट्रिकल आणि ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) जागा यांच्याकडे नीट पाहिलं गेलं. नव्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा जुन्या, प्रयोगशाळा धड असलेल्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल मला आजही वरचढ वाटतं. भाचीचं मत तसं नव्हतं, तिला कोडिंगकडेच जायचं होतं. शेवटी यादी तिची, म्हणून आयटी आणि कॉम्प्युटर वर राहिलं. पण तळाशी इलेक्ट्रिकल तिने स्वतः ठेवलं.

पैशांच्या रकान्याने बरंच काही बदललं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यामुळे महागडी म्हणून खोडलेली काही खासगी कॉलेजं आमच्या यादीत परत आली. पण माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, येणं-जाणं आपल्याच खिशातून. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते, तिथूनच घ्या, कॉलेजच्या माहितीपत्रकातून नको. आणि नॉन क्रीमी लेअर, जात वैधता ही कागदपत्रं हातात असल्याशिवाय प्रवर्गाच्या रकान्यावर यादी उभी करू नका.

प्लेसमेंटसाठी आम्ही कॉलेजच्या फलकावरचे ‘सर्वोच्च पॅकेज’ पाहणं बंद केलं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी कॉलेज जी माहिती देतं, तिची पीडीएफ बहुतेकांच्या संकेतस्थळावर असते. त्यात किती मुलं भरली, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली आणि मिडियन पगार किती हे असतं. मिडियन म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार. चाळीस लाखांच्या जाहिरातीखाली हा आकडा किती साधा असतो हे पाहून दाजी गप्प झाले. फक्त लक्षात ठेवा, हा आकडा पूर्ण संस्थेचा असतो, शाखेचा नाही.

फेऱ्यांचं थोडक्यात : पहिल्या फेरीत बरोबरीच्या भागाच्या तळातलं एक मिळालं, बेटरमेंट घेतलं, म्हणजे ती जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरचा पर्याय मागितला. दुसरीत थोडं वर. तिसरीत पहिल्या सहातलं आलं, पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात आयटी, आणि विषय संपला. ते एलओबीसीओ मधूनच मिळालं. होम युनिव्हर्सिटीचा रकाना वाचून बसलो असतो तर भलतंच चित्र डोळ्यांसमोर राहिलं असतं.

आता सेमिस्टर संपल्यावर शीट परत उघडून पाहिली. फी, शाखेचा दर्जा हे अंदाज बरोबर निघाले. शिकवणारे भेटतात, प्रॅक्टिकल होतात, भाची खूश आहे. फसला तो हॉस्टेलचा रकाना. ‘हॉस्टेल आहे’ एवढंच आम्ही लिहिलं होतं. पहिल्या वर्षाला किती खोल्या, त्या कशावर मिळतात, आणि तिसऱ्या फेरीत आलेल्या मुलीला काही उरतं का, हे लिहायला हवं होतं. ऑगस्टअखेर पोहोचलेल्यांना खोली नव्हती, बाहेर पीजी घ्यावा लागला आणि मेससकट खर्च आम्ही धरला होता त्यापेक्षा बराच वर गेला. प्रवासाचा रकाना मात्र लागलाच नाही, ती दिवाळीलाच घरी आली. जे पालक यंदा यादी करत आहेत त्यांनी त्या रकान्याऐवजी हॉस्टेलचे तीन रकाने करावेत.

भाचीचा धाकटा भाऊ आता तासगावातच अकरावीला आहे, त्याच्यासाठी हीच शीट पुन्हा वापरणार आहोत. त्याचं होम शिवाजी विद्यापीठ राहील, म्हणून ओ चे सगळे आकडे काढून सांगली-कोल्हापूर पट्ट्यासाठी एच चे भरायला घेतलेत. मुलींची फीमाफी त्याला नाही, तेव्हा टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफ असलेल्या) जागांचा, म्हणजे ज्या चॉइस कोडच्या शेवटी टी असतो त्यांचा, वेगळा रकाना लागेल. त्यांचा कटऑफ साध्या जागेपेक्षा बहुधा वर असतो आणि तिथून पुढे शाखा बदलता येत नाही. ‘जाशील का?’ चा रकाना तसाच ठेवलाय, रिकामा.