आडवी रेघ मारलेली किंमत: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी, म्हणजे 2024 मध्ये, दसऱ्याच्या आठवड्यात मी एका मोठ्या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळावरून 750 वॉटचा, तीन भांड्यांचा मिक्सर मागवला. आता त्याला सात महिने झाले आहेत. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, घरात सहा माणसे आहेत आणि वाटण, चटणी, इडलीचे पीठ असे काही ना काही रोज मिक्सरवर असतेच, त्यामुळे यंत्राबद्दल मला जे म्हणायचे आहे ते पुरेशा वापरानंतरचे आहे. परंतु यंत्रापेक्षा ते ज्या पद्धतीने विकले गेले आणि बिघडल्यावर मला जी वागणूक मिळाली, त्याबद्दल अधिक तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते.

पानावर 6,999 रुपये या आकड्यावर आडवी रेघ मारलेली होती, खाली ठळक अक्षरांत 2,799 होते आणि शेजारी ‘60 टक्के सूट’ अशी हिरवी पट्टी होती. त्याखाली ‘फक्त 2 शिल्लक’ असे लिहिलेले असून तास, मिनिटे आणि सेकंद उलटे मोजणारे घड्याळ चालू होते. मी रात्री अकरा वाजता घाईने मागणी नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहज तेच पान उघडले, तेव्हा घड्याळ पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलेले होते आणि शिल्लक मिक्सर अजूनही दोनच होते.

तिसऱ्या दिवशी खोके घरी आले. आमच्या शेजारच्या काकू मुंबई ग्राहक पंचायतीच्या फार जुन्या सभासद आहेत. ही संस्था 1975 पासून सभासदांचे संघ करून त्यांना महिन्याचे सामान पुरवते, आणि त्या सवयीमुळे काकू कोणतीही वस्तू हातात घेतल्यावर आधी तिच्यावरचा मजकूर वाचतात. त्यांनीच खोके फिरवून मला छापील किंमत दाखवली. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत 4,495 रुपये होती. म्हणजे ज्या 6,999 रुपयांवर रेघ मारून मला सूट दाखवण्यात आली होती, त्या किमतीला हा मिक्सर कायद्याने कोणालाही विकताच आला नसता. खऱ्या छापील किमतीवर हिशेब केला तर सूट 60 नव्हे, सुमारे 38 टक्के होते. ती सूटही सणाची नव्हती. ऑगस्टमध्ये माझ्या नणंदेने याच मिक्सरबद्दल विचारले होते, म्हणून मी तिला त्या पानाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तो शोधून पाहिला, तेव्हा त्यावर 2,699 रुपये होते. सेलमध्ये मी शंभर रुपये जास्त दिले होते.

पैसे भरण्याच्या पानावरचा अनुभवही सांगायला हवा. तिथे 249 रुपयांच्या ‘विस्तारित हमी’समोर आधीच बरोबरची खूण केलेली होती, ती माझ्या लक्षात आली म्हणून मी काढली. शेवटच्या टप्प्यावर, तोवर कुठेही न दिसलेले 59 रुपयांचे हाताळणी शुल्क बिलात आले. बँकेच्या कार्डावर 10 टक्के सवलत मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत होती, पण ती 3,500 रुपयांच्या वरच्या खरेदीलाच लागू होती. जुना मिक्सर देऊन ‘500 रुपयांपर्यंत’ मिळतील असेही लिहिले होते. प्रत्यक्षात माझ्या बारा वर्षांच्या चालू मिक्सरचे 80 रुपये दाखवले गेले, म्हणून मी तो दिला नाही, आणि पुढे त्या निर्णयानेच आमचे स्वयंपाकघर चालू राहिले. जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द नेहमी बारीक अक्षरांत का असतो, हे मला त्या दिवशी कळले. एकूण बिल 2,858 रुपये झाले. नंतर मुलुंड पश्चिमेच्या एका दुकानात विचारले, तर हाच मिक्सर पक्क्या बिलासह 2,850 रुपयांना मिळत होता.

या प्रकारांना आता कायद्यात नावे आहेत, हे मला पुढे तक्रार लिहिताना समजले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’बाबत, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या संकेतस्थळावरच्या रचनांबाबत, मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून त्यांत 13 प्रकार दिले आहेत. खोटी घाई निर्माण करणे, न विचारता टोपलीत वस्तू किंवा सेवा घालणे आणि खरी किंमत शेवटपर्यंत न सांगता ती टप्प्याटप्प्याने उघड करणे, हे तिन्ही त्यांत आहेत. आधीच केलेल्या खुणेला ग्राहकाची संमती मानू नये, असे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतही स्पष्ट आहे.

आता यंत्राबद्दल. मोटर दमदार आहे, ओल्या नारळाची चटणी अगदी एकजीव होते आणि भिजवलेली डाळ फार पाणी न घालता वाटली जाते. आवाज मोठा आहे. सकाळी सहा वाजता लावला की शेजारच्यांची झोपमोड होते. लहान भांड्याचे झाकण हाताने दाबूनच धरावे लागते. या किरकोळ उणिवा मी चालवून घेतल्या असत्या.

जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात शेंगदाण्याचे कूट करताना मोठ्या भांड्याचा खालचा कपलर, म्हणजे भांडे मोटरला जोडणारा भाग, तुटला आणि पात्याच्या बुशातून पाणी गळू लागले. यंत्रावर दोन वर्षांची हमी होती, म्हणून 13 जानेवारीला मी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. पहिले दोन दिवस मी ज्याच्याशी बोलत होते तो माणूस नव्हता, ठरावीक उत्तरे देणारी यंत्रणा होती. ‘भांडे गळते आहे’ असे तीन वेळा लिहूनही मला मागणी कुठवर पोहोचली हेच सांगितले जात होते. मग फोनवरच्या मुलीने नम्रपणे सांगितले, “मॅडम, हमी उत्पादकाची आहे, तुम्ही त्यांच्या सेवा केंद्राशी बोला.” सेवा केंद्राने बिलाचा फोटो मागवला आणि कळवले की बिलावरचा विक्रेता दुसऱ्या राज्यातला असून अधिकृत नाही, त्यामुळे हमी लागू होत नाही. खरेदीच्या पानावर मात्र ‘उत्पादकाची 2 वर्षांची हमी’ असेच लिहिलेले होते, आणि ते पान मी जपून ठेवले होते.

ते पान दाखवल्यावर तंत्रज्ञ पाठवण्याचे मान्य झाले. दुपारी 12 ते 4 ही वेळ मिळाली, मी अर्धी रजा टाकून घरी थांबले, कोणी आले नाही आणि संध्याकाळी ‘ग्राहक घरी उपलब्ध नव्हते’ असा संदेश आला. आठवड्याने पुन्हा तेच घडले. तिसऱ्या वेळी एका माणसाचा फोन आला. त्याने यंत्र न पाहताच मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला आणि विचारले तेव्हा सांगितले की तो दिला की तक्रार ‘पूर्ण’ होते, भांडे नंतर येईल. मी ओटीपी दिला नाही. ज्यांनी विश्वासाने तो दिला असेल, त्यांच्या तक्रारी कागदोपत्री सुटलेल्याच दिसत असणार, याचे मला आजही वाईट वाटते.

या सर्व काळात आमचा जुना मिक्सर चालू होता. त्याचाही कपलर झिजला होता, तो स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्या दादांनी 120 रुपयांत दहा मिनिटांत बदलून दिला. नव्या मिक्सरचे बिघडलेले भांडेही मी सोबत नेले होते, पण ते म्हणाले, “ताई, हे मी उघडलं तर तुमची वॉरंटी जाईल, आधी त्यांच्याकडूनच घ्या.” ज्यांना पंधरा मिनिटांच्या कामाचे पैसे मिळाले असते त्यांनी माझ्या हक्काचा विचार केला.

3 फेब्रुवारीला मी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला बिल, खोक्यावरच्या किमतीचा फोटो, दोन्ही स्क्रीनशॉट आणि फोनच्या तारखा जोडून पत्र पाठवले. ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी 48 तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात तक्रार सोडवावी लागते. पोच एका मिनिटात आली, पण महिना उलटून गेला तरी उत्तर आले नाही. 6 मार्चला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन केला. तिथे मराठीतून बोलता आले, तक्रार क्रमांक मिळाला आणि तक्रार थेट कंपनीकडे गेली. पुढची पायरी म्हणून ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करण्याची तयारीही मी ठेवली होती. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला शुल्क नाही आणि ग्राहक जिथे राहतो तिथेच दावा दाखल करता येतो, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्यासाठी मुंबई सोडावी लागली नसती.

21 मार्चला नवे भांडे घरपोच आले. पहिल्या तक्रारीपासून 67 दिवस गेले होते. त्या दिवसापासून मिक्सर व्यवस्थित चालतो आहे आणि यंत्राला मी पाचपैकी चार गुण देईन. विक्रीनंतरच्या सेवेला एकापेक्षा जास्त देता येत नाही. किमतीबद्दलच्या माझ्या तक्रारीला मात्र ‘किंमत विक्रेता ठरवतो’ एवढे एका ओळीचे उत्तर मिळाले. ते मला मान्य नाही, कारण ती खोटी किंमत छापणारे पान आणि त्यावरची हिरवी पट्टी संकेतस्थळाचीच आहे; तसे लिहून मी तक्रार पुन्हा उघडली आहे.

पाडव्याला नणंदेसाठी हाच मिक्सर आम्ही मुलुंडच्या त्या दुकानातून घेतला. भाव 2,900 झाला होता. दुकानदारांनी खोके उघडून तिन्ही भांडी लावून दाखवली, हमीपत्रावर शिक्का मारून तारीख घातली आणि बिघडल्यास भांडे दुकानातच आणून द्यायला सांगितले. काल रात्री मी संकेतस्थळावरचे पान पुन्हा पाहिले. तिथे अजूनही 6,999 वर रेघ आहे.