सोलापुरातील मोफत बेसबॉल शिबिर : शिकवणी उत्तम, साहित्याची व्यवस्था कच्ची

बेसबॉल फारसा खेळला जात नाही अशा देशांतील मुलांपर्यंत तो पोहोचावा म्हणून परदेशातील काही धर्मादाय संस्था वापरलेले ग्लोव्ह्ज, बॅट आणि चेंडू गोळा करून पाठवतात, आणि त्यांच्यासोबत थोड्या दिवसांसाठी प्रशिक्षकही येतात. अशाच एका संस्थेने गेल्या मे महिन्यात आमच्या पूर्व भागातील एका शाळेच्या मैदानावर 12 दिवसांचे शिबिर घेतले. माझी 10 वर्षांची मुलगी त्यास एकही दिवस न चुकवता गेली आणि तिला सोडणे-आणणे माझ्याकडे असल्याने बहुतेक सकाळी मीही मैदानाच्या कडेला बसून होतो. शुल्क काहीच नव्हते. साहित्यासाठी 500 रुपये अनामत घेतली होती, ती शेवटच्या दिवशी पूर्ण परत मिळाली.

क्रिकेट अंगात भिनलेल्या मुलांना बेसबॉल शिकवणे किती अवघड असते, हे पहिल्याच सकाळी दिसले. मुलीने चेंडू चांगला टोलवला, बॅट छातीशी धरून ती पहिल्या बेसपर्यंत (धाव पूर्ण करण्यासाठी ओळीने गाठायच्या चार खुणांपैकी पहिली) पळाली, क्रीजमध्ये टेकवावी तशी बॅट तिथे टेकवली आणि दुसऱ्या धावेसाठी उलट्या पावली परत निघाली. कडेला बसलेले आम्ही सगळे पालक हसलो. प्रशिक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतः बॅट घेतली, नुसत्या हवेत फिरवली, ती जमिनीवर टाकून दिली आणि मुलीला सोबत घेऊन चारही बेस चालत पूर्ण केले. वस्तीतलाच एक महाविद्यालयीन मुलगा त्यांचे इंग्रजी कधी मराठीत तर कधी तेलुगूत सांगत होता, कारण निम्म्या मुलांच्या घरात तेलुगूच बोलली जाते. तिसऱ्या दिवसापर्यंत ‘टाक’, ‘पळ’ आणि ‘थांब’ हे तीन शब्द प्रशिक्षकांना पाठ झाले होते आणि त्यांचे बरेचसे काम त्यावर भागत होते.

मैदानाची आखणी दररोज टेप लावून आणि फक्की टाकून नव्याने होत असे. दोन बेसमधील अंतर 60 फूट ठेवलेले पाहून एका पालकांनी ‘हे तर अर्धेमुर्धे मैदान’ असा शेरा मारला, परंतु त्यात तथ्य नव्हते. मोठ्यांच्या खेळात हे अंतर 90 फूट असते हे खरे. तथापि अमेरिकेत 1939 साली विल्यम्सपोर्ट येथे सुरू झालेल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत 12 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 60 फूट अंतर आणि चेंडू फेकणाऱ्यासाठी 46 फूट अंतर हेच माप चालते.

मला सर्वाधिक भावली ती खांद्याची काळजी. फेकीच्या सरावाच्या वेळी प्रशिक्षकांच्या हातात खटका दाबून मोजणी करायचे छोटे यंत्र असे आणि 20 चेंडू झाले की मूल कितीही रंगात आलेले असो, त्याला बाजूला घेतले जाई. लिटल लीगच्या नियमांनुसार 9-10 वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त 75 चेंडू टाकायचे असतात आणि 20 च्या पुढे गेल्यास वयाप्रमाणे व संख्येप्रमाणे विश्रांतीचे दिवस सक्तीचे होतात. शिबिर रोजचे असल्याने त्यांनी 20 वरच रेघ ओढली होती. माझा थोरला मुलगा दोन वर्षे क्रिकेटच्या वर्गाला जातो. त्याने एका संध्याकाळी किती चेंडू टाकले हे तिथे कोणी मोजल्याचे मला आठवत नाही.

आता तक्रारी. वेळ सकाळी 6 ची दिली होती, पण गाडी उशिरा आल्याने दोनदा 7 नंतर सुरुवात झाली. मे महिन्यातले सोलापूरचे ऊन साडेआठलाच डोक्यावर आलेले असते आणि तीसेक मुलांसाठी पाण्याचा एकच जार होता. त्याहून मोठा घोळ साहित्याचा. माझी मुलगी डावखुरी आहे, म्हणजे तिला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो. दोन मोठ्या पेट्यांत डावखुऱ्यांसाठी मोजून दोनच ग्लोव्ह्ज निघाले. त्यातला एक प्रौढांच्या मापाचा आणि दुसऱ्याची चामडी वादी तुटलेली. पहिले चार दिवस तिने डाव्या हातात ग्लोव्ह घालून चेंडू झेलायचा, मग ग्लोव्ह काखेत दाबून हात मोकळा करायचा आणि मग फेकायचा, असे केले; तोवर धावणारा पुढच्या बेसवर पोहोचलेला असे. पाचव्या दिवशी आमच्या घराशेजारच्या चांभाराने ती वादी 30 रुपयांत बसवून दिली. दान आलेल्या वस्तूंत उणे काढू नये असे घरी ऐकवले गेले, तरी पाठवण्यापूर्वी कोणीतरी पेटी उघडून पाहायला हवी होती, असे माझे मत आहे.

शिबिर संपल्यावर त्या पेट्या शाळेच्या एका खोलीत कुलूपबंद झाल्या आणि जून उजाडला तरी किल्ली कोणाकडे आहे हे कळले नाही. शेवटच्या तीन दिवसांत शिकवलेला बेसबॉल-5 हा प्रकार मात्र आमच्या गल्लीत आजही चालू आहे. त्यात बॅट नाही, ग्लोव्ह नाही. रबरी चेंडू स्वतःच्या हाताने मारायचा, प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि डाव पाच. बेस म्हणून मुले जुन्या चादरीच्या घड्या ठेवतात, आणि त्या सोलापुरात कमी पडण्याचे कारण नाही. संस्थेने पुढच्या वेळी पेट्यांचा खर्च कमी करून शाळेतील एखाद्या क्रीडाशिक्षकाला वर्षभरासाठी तयार केले, तर ते अधिक टिकेल.

काही पालक रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचे उदाहरण देऊन फार पुढचे विचारत होते. उत्तर प्रदेशातील हे दोन भालाफेकपटू 2008 मध्ये एका फेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघाने त्यांना करारबद्ध केले, हे खरे आहे. पण दोघेही तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचले नाहीत आणि रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. प्रशिक्षकांनी असे कोणतेही स्वप्न विकले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. शिबिराच्या प्रमाणपत्रावर दहावीला वाढीव गुण मिळतील, या आशेनेही कोणी जाऊ नये.

आठ ते बारा वयाच्या मुलांना अवश्य पाठवावे. पाण्याची बाटली आणि टोपी घरून द्यावी. नाव नोंदवताना मूल कोणत्या हाताने फेकते हे ठळकपणे लिहावे. अर्जात त्यासाठी रकाना नाही; पुढच्या शिबिराच्या अर्जावर आम्ही ते समासात लाल शाईने लिहून दिले आहे.